एलिंग्टनच्या रेकॉर्डमधल्या टाळ्या चिकटवलेल्या निघाल्या, आता कुणावर विश्वास ठेवायचा?

पापाची_तिकटी :

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

बाबांकडं एक एलपी आहे, अमेरिकेतला जाझ बँडवाला ड्यूक एलिंग्टन याची, 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' (न्यूपोर्ट म्हणजे तिथला जाझ महोत्सव). त्यांच्या मुंबईच्या मित्रानं घर बदलताना देऊन टाकलेली. कव्हरचा एक कोपरा उंदरानं खाल्लाय आणि मागच्या बाजूला निळ्या शाईत एक गिचमिड सही आहे जी बाबा कितीतरी वर्षं आल्यागेल्याला 'ड्यूक एलिंग्टनची' म्हणून दाखवायचे, शेवटी ती त्या मित्राच्या मेव्हण्याची निघाली. इथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

तर ही रेकॉर्ड आमच्याकडं रविवारी सकाळी मटण शिजत असताना लागायची. दुसऱ्या बाजूला 'डिमिन्युएन्डो अँड क्रेसेन्डो इन ब्लू' आहे, ७ जुलै १९५६ची रात्र, मधे पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोन घेऊन उठतो आणि बारा मात्रांच्या, सॉरी, बारा बारच्या (बार म्हणजे तालाचं एक घर) ब्लूजची सलग २७ आवर्तनं वाजवतो, मागं पब्लिक हळूहळू पेटत चाललंय ते ऐकू येतं, कोण तरी ओरडतंय, कोण शिट्ट्या मारतंय. आमच्या आईला जाझचं काही सोयरसुतक नाही, पण तीसुद्धा त्या वेळी कांदा चिरायची थांबायची. गोन्साल्विस हे नाव बघून मी कॉलेजला जाईपर्यंत त्याला गोव्याचा समजत होतो ते वेगळंच.

मागच्या महिन्यात जाझच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. त्यात काय, तर म्हणे पहिल्या बाजूवरचा जो नवीन सूट (म्हणजे अनेक तुकड्यांची एक रचना) आहे त्याची तालीम कमी पडलेली, ड्यूकला तो पसंत नव्हता, म्हणून दोन दिवसांनी न्यूयॉर्कला स्टुडिओत बसून बराचसा परत वाजवला आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या. आणि गोन्साल्विस चुकीच्या माइकसमोर उभा होता. कव्हरवर मात्र ठसठशीत न्यूपोर्ट.

मला खरं सांगायचं तर राग आला. नंतर दुसराच किडा डोक्यात शिरला. ज्या पुस्तकाच्या जिवावर मी रेकॉर्डवर अविश्वास दाखवतोय त्या पुस्तकावर तरी का विश्वास ठेवायचा? लेखक काय तिथं होता काय?

म्हणून विचारतोय, तुम्ही इतिहासाची पुस्तकं वाचताना काय बघता? आणि सोबत जाझची एखादी आवडती रेकॉर्ड सांगा, पण नुसतं 'ग्रेट आहे, जरूर ऐका' असं नको. तिच्याबद्दल काहीतरी कळल्यावर ती जास्त आवडली किंवा मनातून उतरली असं असेल तर ते सांगा.

हलगीसम्राट :

भावा मटण शिजताना जाझ??? हलगी लाव की, टाळ्या चिकटवायला लागत न्हाईत. बाकी चालू दे, विषय हार्ड हाय.

मोडी_मास्तरीण :

तिकटी, पहिलं सांगतो, रेकॉर्ड फेकू नको. (बाहेरगावच्यांसाठी : बाई आहे, पण कोल्हापूरची आहे, 'सांगतो'च म्हणणार.)

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो आणि सुट्टीत मोडी कागद वाचत बसतो. पुस्तक हातात आलं की मी पहिल्या पानापासून वाचत नाही, मागून उघडतो. टिपा आहेत का बघतो, आणि असतील तर त्या कुठल्या काळच्या कागदांकडं बोट दाखवतात ते बघतो. पुष्कळदा असं होतं की दहा पुस्तकं एकच गोष्ट सांगतात म्हणून आपल्याला वाटतं पुरावा भक्कम आहे, आणि टिपा काढत मागं मागं गेलं की दहाही जण एकाच बखरीच्या दारात येऊन थांबतात. तो एकच साक्षीदार झाला की. मग त्या बखरीला विचारायचं, बाई तू कधी लिहिली गेलीस? सभासदाची बखर १६९०च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली, म्हणजे शिवाजी महाराजांना बघितलेली माणसं तेव्हा जिवंत होती. चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्ही 'बखर'च, पण मधे शंभराहून जास्त वर्षं गेलीत.

आता जन्मतारखांचं बघ. आमच्या आजोबांच्या शाळेच्या पुस्तकात महाराजांचा जन्म १६२७चा होता, वैशाखातला. टिळकांनी १९१६ला कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, उजेडात आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आता एका शकावलीवर कोण विश्वास ठेवणार? पण परमानंदाच्या शिवभारतात, म्हणजे महाराजांच्याच काळातल्या संस्कृत काव्यात, तीच तिथी, आणि पार जोधपूरकडं सापडलेल्या कुंडलीतही तीच. तिघांची घरं तीन वेगळ्या गावांत आणि जबानी एक. मला पटायला तेवढं बास आहे. सरकारला पटायला २००१ साल उजाडलं! आणि ती १९ फेब्रुवारी पण जुन्या ज्युलियन कॅलेंडरची हं, आजच्या कॅलेंडरनं १ मार्च येते.

हे जाझच्या धाग्यावर का सांगतोय, तर ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग. त्याचा जन्म ४ जुलै १९००चा असं तो स्वतः सांगायचा, १९७१ला गेला तेव्हाही तेच छापून आलं. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, सालही कसं गोल. इतकी गोंडस तारीख दिसली की माझी पेन्सिल आपोआप उठते. पुढं १९८०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली, तिच्यात जन्म ४ ऑगस्ट १९०१चा. तो खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही, त्याला घरातनं जे सांगितलं तेच त्यानं सांगितलं असंल. माणसाला स्वतःच्या जन्माचं काय आठवणार, तिथं तो हजर असला तरी साक्षीदार नसतो.

आवडती रेकॉर्ड त्याचीच, 'वेस्ट एंड ब्लूज', १९२८. सुरुवातीला ट्रंपेट एकटाच, मागं कोणी नाही. आणि शेवटाकडं एकच सूर एवढा लांब धरलाय की मला माझ्या खुर्चीत दम लागतो.

तुझ्या टाळ्यांचं म्हणशील तर चिकटवलेली टाळी हा पण पुरावाच आहे. न्यूपोर्टला काय झालं याचा नाही, १९५६ला रेकॉर्ड कंपनीला काय विकायचं होतं याचा.

पापाची_तिकटी :

ताई, 'दहाही जण एकाच बखरीच्या दारात' हे वाचून परत पुस्तक उघडलं. न्यूपोर्टच्या प्रकरणाला टीप आहे, आणि ती रेकॉर्डच्याच १९९९च्या आवृत्तीकडं जाते. म्हणजे रेकॉर्ड खोटी हे मला रेकॉर्डनंच सांगितलं म्हणायचं.

काळी_दोन :

माझी गोष्ट ऐका, हसू नका.

मी हार्मोनियम वाजवतो, भजनीमंडळात, आणि जाझचं येड कॉलेजपासून. 'काइंड ऑफ ब्लू'ची कॅसेट होती माझ्याकडं, ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस, १९५९. 'सो व्हॉट' हे आपल्या लोकांना पटकन कळतं, पांढरी दोनला (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) सा धरा आणि काफी थाटाचे सूर, सोळा बार तिथंच, मग आठ बार सगळं अर्धा सूर वर म्हणजे काळी दोनला, मग परत खाली. कॉर्डची धावपळ नाही, एका सुरावलीत आरामात फिरायचं. माझं इथलं नाव त्या आठ बारांवरनंच आहे.

तर मी कॅसेट लावून संगतीला पेटी घेऊन बसायचो आणि जमायचंच नाही. पांढरी दोन दाबली तर कॅसेट जरा वर, काळी दोन दाबली तर कॅसेट खाली. मधेच कुठंतरी लोंबकळतंय. मला वाटलं पेटी उतरली. रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं एकेक सूर तपासला, भात्याला कान लावला, म्हणाला काही नाही झालेलं, सूर चोख आहेत. मी म्हणलं तुम्हाला कळत नाही. (आज जाऊन माफी मागावी म्हटलं तर दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतायत.) दुसऱ्याकडं नेली, त्यानं पैसे घेतले आणि सूर 'लावून' दिले, मग ती भजनाच्या तबल्याला जुळंना झाली. घरात बोलणी बसली ती वेगळीच.

आणि गंमत अशी की कॅसेट उलटी केली की 'ऑल ब्लूज' एकदम बरोबर लागायचं, पांढरी पाच, केसभर इकडंतिकडं नाही. टेप तीच, प्लेअर तोच, बॅटरी नाही, लाइटीवर. एक बाजू चुकीची आणि एक बरोबर. इथं डोकं चालवलं असतं तर पेटी वाचली असती.

खरं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. २ मार्च १९५९च्या सत्रात कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत मुख्य टेप मशीन जराशी हळू चालत होती. हळू टेपवर भरलं आणि बरोबर वेगानं वाजवलं की सूर वर जाणार. त्या दिवशीची तिन्ही गाणी पहिल्या बाजूवर. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा मशीन ठीक होती. दुसऱ्या मशीनवर जोडीनं सुरक्षेसाठी टेप भरून ठेवलेली ती बरोबर वेगाची होती, १९९०च्या दशकात नवीन सीडी काढताना ती वापरली तेव्हा कुठं सूर जाग्यावर आले. म्हणजे तीसेक वर्षं जगभर लोकांनी ते गाणं चढ्या सुरात ऐकलं, त्यावरनं शिकले, त्यावर लिहिलं, आणि त्यात कोणी कोणाला फसवायला गेलं नव्हतं.

त्याच रेकॉर्डबद्दल आणखी एक सगळीकडं वाचायला मिळतं, की सगळं पहिल्याच टेकमध्ये, म्हणजे पहिल्याच फेरीत, वाजवलं. 'फ्लेमेन्को स्केचेस'चा दुसरा पुरा टेक सीडीवर सरळ विकत मिळतो हो. लिहिणाऱ्यानं फिरवून मागचं बघायचं की.

मनातून उतरली का? उलट. आता दोन्ही आहेत माझ्याकडं, दुरुस्त सीडी आणि ती कॅसेट. कॅसेट लावली की तो चढा सूर ऐकून पेटी घेऊन रिक्षात बसलेला मी दिसतो.

हलगीसम्राट :

काळी_दोन भावा नाद खुळा. पेटीवाल्याच्या जागी मी असतो तर तुला दुकानातनं भायेर काढला असता

आप्पा_शुक्रवारपेठ :

तिकटी, तू माझ्या पोराच्या वयाचा असशील म्हणून अरेतुरे करतो, रागावू नको.

तुमचं सगळ्यांचं चाललंय ते रेकॉर्ड खरी की खोटी याच्यावर. जे रेकॉर्डच झालं नाही त्याचं काय करायचं? हे कोल्हापूरकराला नव्यानं सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं राहिले, जयपूर-अत्रौली गायकी या गावात रुजली, देवल क्लबच्या बैठकी झाल्या, आणि खाँसाहेबांची एकही रेकॉर्ड नाही. त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी आहेत, शिष्यांच्या गळ्यात उतरलेलं आहे, ऐकणाऱ्यांच्या गोष्टी आहेत. गोष्टींचं म्हणाल तर आमच्या आजोबांनी त्यांना एकदा ऐकलं होतं. मी लहान होतो तेव्हा आजोबा मांडवाच्या दाराशी उभे राहून ऐकलेले होते, मी मॅट्रिक झालो तोवर ते चौथ्या रांगेत बसले होते, आणि जायच्या आधीच्या वर्षी तर थेट तानपुऱ्यामागं. आजोबा खोटारडे नव्हते रे. दरवर्षी जरा पुढं सरकत गेले इतकंच.

जाझमध्ये हाच प्रकार बडी बोल्डन नावाच्या माणसाचा. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखंच वाद्य), लोक म्हणतात जाझची सुरुवात त्याच्यापासनं, त्याचा आवाज कुठल्या कुठं ऐकू जायचा म्हणतात. १९०७ला त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकला, १९३१ला तिथंच गेला. ऐकायला एक सूर शिल्लक नाही. मग जाझची पहिली रेकॉर्ड म्हणून पुस्तकात कोण येतं, तर फेब्रुवारी १९१७ची ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड, पाच गोरी पोरं. त्यांचा म्होरक्या तर पुढं जाझ आपणच शोधलं म्हणत सुटला. आधी छापलं गेलं ते आधी झालं असं धरलं की ही फसगत होतेच.

आणि जे छापलं गेलं ते तरी काय, तीन मिनिटं. ७८च्या तबकडीवर तेवढंच बसायचं. केसरबाई तास तास राग मांडणारी बाई, तिच्या जुन्या तबकड्या ऐकून कोणी म्हणालं की ती आटोपशीर गायची, तर त्याला काय म्हणशील? आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हचं तेच. ती मुळात स्टुडिओपुरती जमवलेली मंडळी, रोज रात्री नाचाच्या हॉलमध्ये तो काय नि किती वेळ वाजवायचा ते वेगळं.

आवडती विचारलीस म्हणून सांगतो, त्याचं 'मेलँकली ब्लूज', १९२७. कारण मोठं मजेशीर आहे. अमेरिकेनं १९७७ला व्हॉयेजर यानांवर सोन्याची तबकडी पाठवली, तिच्यात हे 'मेलँकली ब्लूज' आहे आणि आपल्या केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. लहानपणी याच कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडं काही महिने शिकलेली पोर, पुढं अल्लादिया खाँसाहेबांची शागीर्द. दोघं एकाच तबकडीवर बसून सगळ्या ग्रहांच्या पार पलीकडं गेलीत. मला रात्री झोप आली नाही की मी ही दोन लागोपाठ लावतो. सून म्हणते आवाज बारीक करा.

जाता जाता, ड्यूक एलिंग्टन १९६३ला भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला. तुझ्या बाबांच्या मित्राला ठाऊक असेल.

रेडिओवाला_लक्ष्मीपुरी :

चुकीचा माइक म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय. आमचा धंदाच ॲम्प्लिफायरचा.

त्या रात्री स्टेजवर दोन वेगळ्या पार्ट्या रेकॉर्डिंग करत होत्या. एक कोलंबिया कंपनी, एक व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओ. दोघांचे माइक वेगळे, तारा वेगळ्या, मशीनही वेगळ्या. गोन्साल्विस पुढं आला आणि रेडिओवाल्यांच्या माइकात वाजवत सुटला. कोलंबियाच्या माइकला तो लांबनं आल्यासारखा. माइकपासनं अंतर दुप्पट झालं की आवाज लई पडतो हो, मिरवणुकीत स्पीकरच्या पुढनं चालत गेलं की कळतंय. तर तिकटी, तुमच्या एलपीवर तो सॅक्सोफोन जरा दबलेला, खोलीच्या पलीकडनं आल्यासारखा वाटत असेल बघा. तो दबलेला आवाज खरा आहे! त्या रात्रीचाच आहे, कारण स्टुडिओत परत वाजवला असता तर कोण असा मागं ठेवतंय? मला विचाराल तर अख्ख्या एलपीवर सगळ्यात इमानदार जागा ती.

नंतर रेडिओवाल्यांची टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. १९९९ला एका बाजूला ही टेप, एका बाजूला कोलंबियाची, दोन्ही जुळवून स्टीरिओ केलं. काम जबरदस्त, दोन वेगळ्या मशीनच्या टेपा एका वेगात धरून ठेवणं खायचं काम नाही. सोलो एकदम समोर येतो, ढोलकरी ड्रमर, पब्लिक सगळं.

पण मास्तरीणबाईंच्या हिशोबानं बघितलं तर हे पण कुणी ऐकलेलंच नाही. डावा कान एका माइकला आणि उजवा कान दुसऱ्या माइकला लावून त्या रात्री कोण बसलं होतं? मला नवीनच आवडती, पण 'खरी न्यूपोर्ट' म्हणून जे विकतात ते जरा सबुरीनं घ्या.

नुस्तं_ऐका :

माफ करा पण तुम्ही सगळे गाणं ऐकता का पंचनामा करता? सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचं 'अलाबामा' मी पहिल्यांदा ऐकलं ते बसमध्ये, कात्रजच्या बोगद्याजवळ, हेडफोनवर, मला त्याचं नाव पण माहीत नव्हतं आणि डोळ्यात पाणी आलं, शेजारचे काका म्हणाले काय पोरा घरी सगळं ठीक ना. नंतर कळलं की सप्टेंबर १९६३ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली गेल्या त्याच्यावर आहे ते. कळल्यावर जास्त पाणी आलं असं काही नाही झालं. मग त्या माहितीनं काय फरक पडला? काहींना पुस्तक वाचल्याशिवाय रडायलाही येत नाही असं वाटायला लागलंय.

मोडी_मास्तरीण :

नुस्तं_ऐका, तुझं रडू कोणी काढून घेत नाही रे बाबा. पण 'अलाबामा'बद्दल एक गोष्ट सगळीकडं सांगतात की मार्टिन ल्यूथर किंगच्या श्रद्धांजलीच्या भाषणाच्या लयीवर ती सुरावट बेतलीय. ऐकायला इतकी सुंदर आहे की ती खरी असावी असं मलाही वाटतं, आणि नेमकं म्हणून मी ती वर्गात सांगत नाही, कारण कोल्ट्रेननं तसं म्हटल्याचा कागद मला मिळालेला नाही. चर्च खरं, मुली खऱ्या, भाषण खरं, धागा कुणी विणला ते बघायचं.

आणि आता हसू नको, ते गाणं ज्या एलपीवर आलं तिचं नाव 'लाइव्ह ॲट बर्डलँड', बर्डलँड म्हणजे न्यूयॉर्कचा जाझ क्लब. 'अलाबामा' स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं आहे.

नुस्तं_ऐका :

😶 हे नव्हतं माहीत.

बँडवाल्याचा_नातू :

तिकटी, गोन्साल्विसचं सांगतो. पॉल गोन्साल्विस अमेरिकेतलाच, आईवडील आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डे बेटांचे, ती पण तेव्हा पोर्तुगीज वसाहत, म्हणून आडनाव तसलं. तुमचा अंदाज चुकला पण लांब नाही चुकला, एकाच पोर्तुगीजानं दोन किनाऱ्यांवर आडनावं वाटली. आपला गोव्याचा तो अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचा, व्हायोलिनवाला, प्यारेलालचे गुरू. १९७७च्या 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' गाण्यात नाव आहे ते त्याचंच.

आमचे आजोबा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांना जाझ हा शब्द माहीत नव्हता पण 'शोला जो भडके' वाजवताना मधेच जे काय करायचे ते मी आता ऐकतो तेव्हा कळतं कुठनं आलं. सी. रामचंद्र, 'अलबेला', १९५१. आणि रामचंद्रांच्या मागं कोण, तर चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोन्याचा अँटोनियो झेवियर वाझ, ताजमध्ये ट्रंपेट वाजवणारा, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल. तबकडीच्या लेबलवर बघा, संगीतकार आहे, गायक आहे, सिनेमा आहे. ज्यांनी वाजवलं आणि ज्यांनी ती सगळी वाद्यं बसवली त्यातलं कोणीच नाही. उद्या कुणी फक्त लेबलं वाचून इतिहास लिहायला बसला तर त्यात एक गोवेकर सापडायचा नाही.

माझी आवडती रेकॉर्ड तीच धरा. जाझच्या यादीत बसत नसेल तर राहू दे.

पापाची_तिकटी :

सगळ्यांचे आभार, मंडळी. काल रविवारी परत लावली. रेडिओवाले काका, बरोबर आहे तुमचं, सॅक्सोफोन लांबनंच येतोय, इतकी वर्षं मला वाटायचं आमचा डावा स्पीकर गेलाय. बाबांनी त्यासाठी दोनदा तो खोलला पण होता. काळी_दोन, तुमच्या पंगतीला आलो आम्ही.

बाबांना टाळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, 'मग काय झालं, वाजवलं तर ड्यूकनंच ना', आणि तांबड्यात लिंबू पिळलं.

मोडी_मास्तरीण :

तिकटी, ते सगळं राहू दे, माझ्या डोक्यात तुझ्या पहिल्याच पोस्टमधलं एक वाक्य अडकलंय. ती निळ्या शाईतली सही मेव्हण्याची आहे हे कोण म्हणालं?

पापाची_तिकटी :

बाबांचे मित्रच. फोनवर म्हणाले होते म्हणे.

मोडी_मास्तरीण :

म्हणाले होते म्हणे. म्हणजे तू ऐकलेलं नाहीस, मित्रानं सही करताना बघितलंय का ते तुला माहीत नाही, आणि मेव्हण्याच्या अक्षराशी कोणी ताडून बघितलं नाही. शिवाय आप्पा वर सांगून गेलेत की ड्यूक १९६३ला मुंबईत होता. मित्राचं मेव्हण्याशी बरं होतं का?

पापाची_तिकटी :

आत्ता बाबांना विचारलं. मित्र चार वर्षांपूर्वी वारले. मेव्हण्याशी जागेवरनं वाद होता, बोलत नव्हते. मेव्हणे आहेत अजून, सांगलीला. बाबा म्हणतात शनिवारी एलपी घेऊन जाऊन येऊ, त्यांच्याकडनं एक सही मागू आणि शेजारी ठेवून बघू.

हलगीसम्राट :

सांगलीकराच्या सहीवर इस्वास ठेवणार व्हय तुम्ही???